आईचं खातं नव्या सर्व्हरवर

रिसोडच्या घरातला जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. हार्डडिस्क कटकट आवाज करायची आणि टीव्हीवरचं चित्र मध्येच अडकायचं. घरातले सिनेमे, लग्नकार्याचं शूटिंग, सगळं त्याच्यावरून टीव्हीवर दिसे. प्रत्येकाचं त्यात वेगळं खातं, कोणी काय कुठवर पाहिलं ते लक्षात ठेवणारं. हा मीडिया सर्व्हर मीच उभा केलेला, त्यामुळे बिघडला की बोलणीही मलाच. सासरहून, मंगरूळपीरहून नवा कॉम्प्युटर घेऊन आले, तर बाबांनी पाणीसुद्धा न विचारता विचारलं, "तुह्या आईचं खातं राहीन ना त्याच्यात?"

"राहील," म्हटलं.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिच्या खात्यात एकच गोष्ट अर्धवट राहिली होती, माझ्या लग्नाचं शूटिंग. दुपारचं आवरलं की ती ते लावायची. जिथवर पाहिलं, तिथवर चित्राखाली निळी रेघ दिसे. बाबा रोज तिचं खातं उघडून ती रेघ बघत आणि काही न लावता आपल्या खात्यात परत जात.

शूटिंग वेगळ्या डिस्कवर सुरक्षित होतं. रेघ मात्र खात्यांच्या फोल्डरमध्ये, त्याच मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर. आधी सर्व्हर बंद करायचा, मग फोल्डर उचलायचं. चालू सर्व्हरची कॉपी खराब निघू शकते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बंद करायला उठले, तेवढ्यात कामरगावचे मामा दारात. बाबांनी त्यांना टीव्हीपुढे बसवून सिनेमा लावला. आमच्याकडे पाव्हणा बसलेला असताना टीव्ही बंद करणं म्हणजे त्याला ऊठ म्हणणं.

"बाबा, थोडा वेळ बंद करू?"

"काहून? पाव्हणे बसले, दिसत नाही का तुले?"

"राहू दे वं," मामा म्हणाले, "मी पाहून राह्यलो नं."

कसलं पाहणं! माणूस बसल्या बसल्या पेंगत होता. असा संताप आला, पण मामांपुढे काय बोलणार? इकडे डिस्कची कटकट वाढलेली. थांबले तर सगळंच जायचं. दात-ओठ खात चालू सर्व्हरचीच कॉपी सुरू केली. ती कशीबशी संपली आणि लाइट गेली.

लाइट आल्यावर जुना कॉम्प्युटर काही केल्या सुरू होईना. बटण दाबून दाबून बोट दुखलं. आता जे काही उरलं होतं ते माझ्या कॉपीत.

मामा जीपने गेले. मी नवा सर्व्हर जोडायला घेतला. बाबा पाठीमागे उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. खाती आली. माझं, बाबांचं, आईचंही, तिच्या फोटोसकट. तिच्यासाठी केलेली मोठी अक्षरंसुद्धा तशीच होती. मग लग्नाच्या चित्राखाली पाहिलं.

रेघ नव्हती. कोणी काय कुठवर पाहिलं, नेमकी तीच फाइल खराब निघाली होती.

"गेलं, बाबा," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. मामांचा राग, लाइटचा राग, स्वतःचा सगळ्यात जास्त.

बाबांनी रिमोट घेतला आणि आईच्याच खात्यातून शूटिंग पहिल्यापासून लावलं. हळद झाली, मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. आम्ही दोघं बघत होतो. मांडवाबाहेर फुलांनी सजवलेली गाडी दिसली आणि बाबांनी बटण दाबलं.

"तुही माय इथंच उठून जाये. चहा मांडतो म्हने."

"दरवेळी?"

"हाओ. पुढं तुही पाठवणी हाय नं."

ते खात्याच्या पानावर परत आले. चित्राखाली निळी रेघ उमटली होती.

"हे पाय, आली," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा किती तरी दिवसांनी सैल झाला होता. मला मात्र त्या रेघेकडे बघवेना. इतकी वर्षं मी समजत होते, आईला माझं लग्न पाहायला आवडतं. माझं जाणं तिला एकदाही पाहवलं नव्हतं.