घासूकाकांनी बिघडवलेला सौदा

घासूकाकांचं खरं नाव ट्रक-अड्ड्यावर कुणाला आठवत नाही, आणि त्या नावानं हाक मारली तर ते ओ देतील याचीही खात्री नाही. घासाघीस करून करून हे नाव त्यांना चिकटलं. जन्मभर चालवले ते दुसऱ्यांचे ट्रक, स्वतःच्या मालकीची झाली ती एक सायकल. पण अड्ड्यावर कुणाला नवी गाडी घ्यायची झाली, की आधी घासूकाकांना गाठायचं आणि मगच शोरूमची पायरी चढायची, असा रिवाजच पडला होता. त्याचे पैसे ते घेत नसत. पोटभर जेवण घालायचं आणि नव्या गाडीतून घरी सोडायचं, एवढ्यावर स्वारी खूश.

त्यांची रीत ठरलेली. शोरूमचा चहा प्यायचा नाही. भीड भिकेची बहीण, असं म्हणत ते घरून थर्मास न्यायचे आणि सेल्समनसमोर आपला चहा आपणच ओतून घ्यायचे. एकरकमी भाव तर ऐकूनच घ्यायचे नाहीत. गाडीचे किती, विम्याचे किती, नोंदणीचे किती, मागच्या हौद्याचे किती, सगळं सुटं करून सांगा म्हणायचे. नुसत्या गाडीवर डीलरला सुटतं थोडंच. खरी मलई विम्यात, कर्ज काढून देण्यात आणि 'हाताळणी खर्च' नावाच्या त्या साळसूद ओळीत असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गाडी कधीची बनलेली आहे तेही ते बघून घ्यायचे, कारण आवारात नुसती उभी असलेली गाडी डीलरचं व्याज खात असते आणि तो तिला खपवायच्या घाईत असतो. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, भाव ठरेपर्यंत गाडी आवडल्याचं तोंडावर दिसता कामा नये. म्हणून घेणाऱ्याला ते सरळ बाहेरच्या बाकावर बसवून ठेवत. एक जाडजूड वाहतूकदार गाडीच्या दारावरून मायेनं हात फिरवत होता, तर त्याला भर शोरूममध्ये "मळमळतंय का तुम्हाला? जरा वाऱ्यावर बसा," म्हणून यांनी बाहेर काढला होता.

अशा माणसाच्या पोटी ट्रकचं वेड घेतलेली मुलगी यावी यात नवल नाही. नवल हे, की बापाला ते पचत नव्हतं. ती दुसऱ्याचा टेम्पो चालवून दुकानांना माल पोचवायची. आता एका गोदामानं तिला लांबच्या फेऱ्या देऊ केल्या होत्या. अट एवढीच की ट्रक स्वतःचा हवा. "घेऊ का, बाबा?" असं तिनं विचारलं, तेव्हा काका म्हणाले, भाव पाडायला मी येतो. पुन्हा विचारलं तर म्हणाले, महिनाअखेरीला जाऊ, तेव्हा त्यांना टार्गेट पुरं करायची घाई असते. पोरगी विचारत होती एक आणि हे उत्तर देत होते भलत्याच प्रश्नाचं. लांबचा रस्ता माणसाला काय काय दाखवतो ते त्यांनी भोगलं होतं. 'हो' म्हणायला जीभ रेटत नव्हती आणि 'नको' कुठल्या तोंडानं म्हणणार? तिकडे तिनं आईला सांगून ठेवलं होतं, बाबांचं मन नसेल तर मी सही करणार नाही. आईच्या पोटात ते कसलं राहतंय! तिनं ते लगोलग काकांच्या कानावर घातलं. काकांनी ऐकलं आणि थर्मास विसळायला घेतला.

शोरूमचा मॅनेजर काकांना चांगलाच ओळखून होता. त्यांना दारात बघताच त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. मुलीला बाकावर बसवून काका आत गेले आणि कामाला लागले. हाताळणी खर्च उडाला. विमा बाहेरून काढायची मोकळीक मिळाली. ताडपत्री फुकटात पदरात पडली. आता शेवटची एक सूट उरली होती. ती मिळाली असती तर हप्ता तिच्या आवाक्यात अगदी आरामात बसला असता. मॅनेजरनं पेन उघडलंसुद्धा होतं.

एवढ्यात मुलगी आत आली. क्लचवर पाय नीट पोचतो का ते बघायचंय, म्हणाली. मागणी रास्त होती, त्यामुळे काकांना डोळे वटारण्यापलीकडे काही करता आलं नाही. तिनं दांडा धरला, पायरीवर पाय दिला आणि एका झोक्यात केबिनमध्ये गेली. काका असेच चढायचे. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, लहानपणापासून बघून बघून अंगात मुरलं होतं. तिनं सीट पुढे ओढली, आधी लांबचा आरसा लावला, मग जवळचा, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसली.

काकांचा कप हातातच राहिला. डोळे भरून आले आणि पुसायचंही भान राहिलं नाही. मॅनेजरनं ते पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"सूट आता जमायची नाही, काका," तो हळूच म्हणाला.

काकांनी मग हुकमाचं पान काढलं. थर्मास उचलला, उठले, दाराकडे निघाले. पण दारात पोचून त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं आणि ते पानही वाया गेलं. आजवर दुसऱ्यांना ज्यासाठी बाहेर हाकललं, तेच स्वतः भर शोरूममध्ये करून बसले.

मुलगी खाली उतरून मॅनेजरसमोर बसली. "बाबांना गाडी आवडलीय," ती म्हणाली. "ते तुम्हाला कळलं, मलाही कळलं. आमच्याकडे झाकायला आता काही उरलं नाही. आता तुमचं पण सांगून टाका. ही गाडी तुमच्या गळ्यात किती महिने पडलीय?"

मॅनेजरला हसू आवरेना. बरेच महिने, असं त्यानं कबूल केलं. मग थोडं तो खाली आला, थोडी ती वर गेली. शेवटची सूट अर्धीच मिळाली, म्हणजे हप्ता आवाक्यात होता, पण काटकसर करावी लागणार होती. सही करायच्या आधी मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता. "कागद तयार ठेवा, आलेच," असं म्हणून तिनं पेन खाली ठेवलं आणि काकांना घेऊन बाहेर आली.

बाकावर बसल्या बसल्या काकांनी स्वतःला शिव्या घालायला सुरुवात केली. गावभर लोकांना स्वस्तात गाड्या घेऊन दिल्या आणि पोटच्या पोरीला महागात पाडलं, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

"भाव मीही पाडला असता, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला मी त्यासाठी आणलंच नव्हतं."

काकांनी थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. मग खालीच बघत म्हणाले, "तू लांब गेलीस की मला झोप लागायची नाही."

"मग नको घेऊ?"

"नाही लागली तर नाही लागली," काका म्हणाले. "जा, सही कर."