म्हाळू काही जात नाही

भामामावशीच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर 'म्हाळू' असं हिरवट गोंदलेलं होतं. हा म्हाळू म्हणजे तिचा नवरा. दुष्काळात मेंढरं विकून ऊसतोडीला गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. नाव मात्र इथं ठेवून गेला.

मावशीनं एक म्हैस धरून ठेवली. तिच्यासोबत चार महिने चारा छावणीत राहिली, पण विकली नाही. पुढे दूध संस्थेची सभासद झाली. रोज सकाळी ती किटली पुढं करायची आणि सचिव बंकट तिच्या हाताकडं बघून ओरडायचा, "म्हाळूचं दूध आलं बघा!" रांगेतले हसायचे. वहीत नाव भामाबाईचं, तरी दूध म्हाळूचं! ऐकूनच माझं डोकं फिरायचं.

नाव जळून जावं म्हणून मावशीनं त्यावर बिब्बा लावला. हात सुजला, फोड आले. खपली पडली आणि खालून म्हाळू पुन्हा हजर. मी बीडला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, म्हणून ती माझ्याकडं आली.

"मावशी, शाई कातडीच्या आत जाते. तिथं मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. बाहेरचं काही घुसलं की गिळायचं, हे त्यांचं काम. जंतू पचतात, शाई पचत नाही. मग पोटात धरून बसतात."

"मरत न्हाईत का त्या?"

"मरतात. पण सांडलेली शाई दुसऱ्या गिळतात. रक्तातून मोनोसाइट नावाच्या नव्या पेशी येतात, त्यांच्याही मॅक्रोफेज होतात, आणि त्याही तेच करतात."

मावशी भडकली. "माझ्याच अंगात राहतेत, माझंच खातेत, आन संभाळतेत त्याला? कावून?"

वर्गात या पेशींना मी कौतुकानं शरीराचे रखवालदार म्हणते. त्या दिवशी मलाच त्यांचा राग आला. दवाखान्यात लेसरनं काढून घ्यायचं सुचवलं, तर म्हणाली, "म्हस सोडून हेलपाटे कोन घालणार?"

पुढच्या बाजारी तिनं मला सोबत नेलं आणि गोंदणारीपुढं हात धरला. "ह्यावर म्हस काढ. काळी. लई मोठी."

"अगं, शाई वाढली की!" मी वैतागले.

"धरूनच बसायचं हाय ना त्यांना? मंग माझी म्हस धरा म्हणावं."

खपली पडल्यावर मी मुद्दाम तिच्याबरोबर संस्थेत गेले. मावशीनं किटली ठेवली आणि हात बंकटच्या नाकासमोर धरला. नाव म्हशीच्या पोटात पार बुडालं होतं.

"वाच," ती म्हणाली.

बंकटनं हात पाहिला, मग वही उघडली. "भामाबाईचं दूध," तो पुटपुटला.

"रोज वरडतोस तसं वरड."