खांदशेकणीच्या दिवशी झूल

आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला आवतण देतात. त्याला धुऊन पुसून आणायचं, पळसाच्या पानानं खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला खांदा त्या दिवशी माणसाच्या हाताखाली येतो, म्हणून या दिवसाचं नाव खांदशेकणी. झूल, बाशिंग, शिंगांना रंग हा सगळा थाट दुसऱ्या दिवशीचा, पोळ्याचा. हा फरक आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. अमरावतीच्या पांजरपोळातल्या मुनीमजीला तो कळला नाही आणि तिथंच त्याचं पितळ उघडं पडलं.

तेव्हा कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. अकोल्याकडून लोखंडी रूळ येताहेत असं ऐकू येई. आमच्या बाजूला अजून गाडीबैलच काय तो वाहतुकीचा आधार होता. लोकांच्या डोक्यात वारं शिरलं होतं. बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या जाऊन चांदीच्या आल्या. ज्यानं त्यानं ज्वारी मोडून कापूस पेरला, बांधसुद्धा सोडले नाहीत. आमच्या बानंही तेच केलं. बा म्हणजे माझे वडील, गावात शहाणे म्हणून नावाजलेले, पण त्या वर्षी शहाणे कुणीच राहिले नव्हते.

ज्वारी नाही तर कडबा नाही आणि कडबा नाही तर बैलांनी खायचं काय, हे पेरताना कुणी मनात आणलं नाही. उन्हाळ्यात ते कळलं. आमच्या गोठ्यात एक म्हातारा बैल होता. माझ्या लग्नाची वरात त्यानंच ओढली होती. आता त्याच्यानं काम होत नव्हतं. कातड्याचा व्यापारी दोनदा दारात येऊन गेला. कातड्यालाही भाव आलेला. बानं त्याला दुसऱ्या वेळी पाणीसुद्धा विचारलं नाही. मग ठरलं की म्हाताऱ्याला अमरावतीच्या पांजरपोळात नेऊन सोडायचं.

पांजरपोळ ही व्यापाऱ्यांनी धर्मासाठी चालवलेली जागा. लंगडी, आंधळी, भाकड जनावरं तिथं मरेपर्यंत सांभाळायची, असा तिचा नेम. त्यासाठी बाजारात येणाऱ्या प्रत्येक गाडीतून दोन हातांत मावेल एवढा कापूस पांजरपोळाच्या नावानं काढून घेत. कुणी कुरकुर करत नसे. उलट बा कापूस काढणाऱ्या माणसाला म्हणे, "घे, अजून घे, जनावराच्या तोंडात जाईन." कापसातून निघालेली सरकीही लोक तिथं पोत्यांनी देत. म्हाताऱ्याला सोडायला गेलो तेव्हा आम्हीही घरची सरकी गाडीत भरून नेली होती.

मायला हे पटलं नव्हतं. ती म्हणाली, "आपल्याच गोठ्यात उपाशी राह्यला तं राह्यला. आपल्या डोयापुढं तं राहीन." बानं ऐकलं नाही. पांजरपोळाच्या फाटकात त्यानं म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "आता तुह्या खांद्यावर जू येनार नाई. माहा शबुद हाय तुले." मला तेव्हा हसू आलं होतं. बैलाला कुणी शब्द देतं का? पण बाचा स्वभाव तसा होता. माणसाला दिलेला शब्द तो एखादवेळी विसरे, जनावराला दिलेला कधी नाही.

पेरणी झाली, पाऊस लागला. बाजारात जाणारे काहीबाही सांगू लागले. पांजरपोळातली सरकी मागच्या दारानं जाते म्हणे. त्या वर्षी सरकीला बियाणं म्हणून तुफान मागणी होती. मी बाला म्हटलं, एकदा पाहून येऊ. बा माझ्यावरच उखडला. "धर्माच्या कामात संशय घेऊ नाई. सेठलोकायले काय कमी हाय?" मी विषय सोडला. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं आपल्याकडं म्हणतातच. इथं तर गाय देणारेही आम्हीच होतो आणि दात न पाहणारेही आम्हीच.

पोळा आला. मायनं आदल्या दिवशी सकाळीच गाडग्यात लोणी घेतलं, हळद घेतली आणि पळसाची पानं पदरात बांधली. म्हणाली, "त्याले आवतन देल्ल्याबिगर मी घरच्याच्या खांद्याले हात लावनार नाई." बाला ते आवडलंच. आम्ही तिघं चिखल तुडवत अमरावतीला निघालो.

पांजरपोळात पोचलो तर सगळा थाट! बैल ओळीनं बांधलेले, शिंगं रंगवलेली आणि प्रत्येकाच्या पाठीवर मानेपर्यंत ओढलेली झूल. मुनीमजी पुढं आला. परमुलखातून येऊन अमरावतीच्या पेठेत रुजलेला माणूस, बोलायला गोड. म्हणाला, "देखा पाटील, आपल्या बैलाचा काय ठाट ठेवला आमी! सन हाय ना."

बा खूश झाला. माय मात्र जागच्या जागी थांबली. "आज झूल?" ती म्हणाली. "आज तं खांदशेकनी हाय. आज झूल काहून घातली?"

"एकच हाय, माताजी. आज काय न् उद्या काय."

"एक कसं असन? खांद्याले लोनी कुठून लावू मंग?"

मुनीमजीला खांदशेकणी हा शब्दच ठाऊक नव्हता. पोळ्याला लोक बैल पाहायला येतात एवढं त्यानं ऐकलं होतं आणि एक दिवस आधीच तयारी करून ठेवली होती. आजच्या दिवशी लोक बैल पाहत नाहीत, त्याच्या खांद्याला हात लावतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "झूल राहू द्या, बिघडन," असं म्हणत तो मध्ये आला, पण मायनं तोवर लोण्याचा हात झुलीखाली घातलाही होता. म्हाताऱ्याच्या अंगावर शहारा आला. मायनं हात बाहेर काढला. लोणी लाल झालं होतं.

मी झूल ओढून काढली. वशिंडाच्या पुढं, जिथं जू बसतं नेमक्या त्या जागी, कातडी सोलून मांस उघडं पडलेलं. नाकावर मुसक्याचा वळ होता. उभ्या पिकात डवरणीला, म्हणजे कोळपणीला, बैल धरला की त्यानं पिकाला तोंड लावू नये म्हणून मुसकं बांधतात. त्याशिवाय तो वळ येत नाही. मी शेजारच्या बैलाची झूल काढली. तेच. त्याच्या पलीकडच्याची काढली. तेच. गव्हाणींत वाळलेलं गवत होतं आणि सरकीचा एक दाणा नव्हता.

"खांबाला घासते जनावर," मुनीमजी म्हणाला. "खाज सुटते."

मला राग लवकर येतो आणि आला की बोलल्याशिवाय जात नाही. मी म्हटलं, "तुमच्या अथी खांबालेही जू असते काय, मुनीमजी?"

मग त्याचा सूर बदलला. रिकामं उभं राहून जनावर बिघडतं. डवरणीला बैल मिळत नाहीत, लोक हातापाया पडतात, जनावर भाड्यानं थोडं चाललं तर काय झालं? सरकी महाग झाली, एवढ्या तोंडांना पुरवायची कुठून? एक ना दोन. ती सरकी आम्हीच आणून दिली होती, हे तो सोयीस्कर विसरला. बानं म्हाताऱ्याचा दोर सोडला आणि त्याला घेऊन बाजाराकडं चालू लागला. आम्ही मागून.

पांजरपोळाचा कारभार ज्याच्या नावावर होता त्या सेठजीच्या पेढीसमोर आम्ही बैल उभा केला. सेठजी उठून बाहेर आला, आम्हाला गूळपाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हाताऱ्याकडं त्यानं एकदा पाहिलं. "चौकशी करतो, पाटील," तो म्हणाला. "पन पुराव्याबिगर कोनावर आळ घेऊ नाई. मुनीम जुना मानूस हाय."

मायनं गाडगं पुढं केलं. "आळ नोका घेऊ. तुमी याच्या खांद्याले हात लावा न् आवतन द्या. मंग आमी जातो."

सेठजी गाडग्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "आमच्यात हा रिवाज नाई, बाई," आणि आत गेला. त्याला हे सगळं ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. त्याच्या तोंडावर लबाडी दिसली नाही. लाजही दिसली नाही.

घरी आल्यावर गोठ्यात मायनं सगळ्या बैलांचे खांदे शेकले. म्हाताऱ्यापाशी आली तेव्हा तिनं पळसाचं पान बाच्या हातात दिलं. आमच्या घरी आवतण द्यायचा मान घरधन्याचा. बानं पान घेतलं, म्हाताऱ्यापुढं उभा राहिला आणि पान परत तिच्या हातात दिलं. "कोन्या तोंडानं देऊ?" तो म्हणाला. "म्या याले शबुद देल्ला होता." शेवटी आवतण मायनंच दिलं. बाला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला मुनीमजीचा जेवढा राग आला होता त्याहून जास्त त्या घटकेला आला, आणि तो कुठं काढावा ते कळेना.

तो राग दुसऱ्या दिवशी निघाला. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडं झडत्या म्हणतात. दोन ओळींत कुणाचीही खोडी काढावी, कुणी रागवायचं नाही, अशी त्या दिवशीची मुभा. मी म्हाताऱ्याला झूल न घालता, उघड्या खांद्यानं तोरणाखाली उभं केलं आणि म्हटलं:

सरकी देल्ली धर्माची, गव्हान राह्यली रिती,
म्हाताऱ्याच्या खांद्यावर कोनाची ही शेती?

लोक नेहमीसारखे हसायला गेले आणि खांद्याकडं लक्ष जाताच पुढं सरकून पाहू लागले. मग मागून कुणीतरी "हर हर महादेव" म्हटलं आणि सगळ्यांनी म्हटलं. झडतीला पाय फुटले. चांदूरकडच्या पाहुण्यांनी ती तिकडं नेली, माझ्या अकोल्याच्या सासुरवाडीला ती माझ्याआधी पोचली. दिवाळीनंतर कापूस निघाला तेव्हा बाजारात पांजरपोळाच्या माणसानं गाडीपुढं हात केले की शेतकरी त्याला म्हणत, "आधी खांदा दाखव." काहींनी देणं थांबवलं. काहींनी देवाला दिलं म्हणून मुकाट्यानं दिलं. मुनीमजी हंगाम संपायच्या आत अमरावती सोडून गेला. कुणी म्हणे त्याला काढला, कुणी म्हणे त्यानं अकोल्याकडं बियाण्याचं दुकान टाकलं. कुंपणानं शेत खाल्लं एवढं खरं. ते एकट्या मुनीमानं खाल्लं की वाटून खाल्लं, याचा निकाल कधी लागला नाही. बा मात्र पुढंही देत राहिला. बाजारात नाही, स्वतः पांजरपोळात जाऊन, आपल्या हातानं गव्हाणीत सरकी टाकून, खाऊन होईपर्यंत तिथं बसून. मी एकदा विचारलं, आता कशाला? तर म्हणाला, "चोरी मानसानं केली. बैलायचा काय कसूर हाय?"

पण हे सगळं पुढचं. माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ती पोळ्यानंतरची पहिली सकाळ. पावसानं उघाड दिली होती आणि डवरणीला जायचं होतं. बानं अंगणात जू उचलून धरलं, डाव्या अंगाला एक बैल उभा केला आणि दुसरा आणायला मी गोठ्यात शिरलो. म्हाताऱ्याला आम्ही मोकळाच ठेवला होता. तो उठला, माझ्या बाजूनं हळूहळू बाहेर गेला आणि जुवाच्या उजव्या अंगाला, आपल्या जुन्या जागेवर जाऊन उभा राहिला. त्यानं मान खाली घातली. जखमेवर अजून हळद होती.

बाच्या हातातलं जू खाली आलं. त्यानं ते जमिनीवर ठेवलं, म्हाताऱ्याच्या गळ्यात हात टाकला आणि कानाशी तोंड नेलं. पोळा होऊन गेला होता, आवतणाचा दिवस मागं पडला होता, तरी तो म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग पुन्हा म्हणाला. त्यानं मागं सरावं म्हणून बा त्याला हातानं लोटत होता आणि तेच तेच म्हणत होता.

म्हातारा सरला नाही. मान खाली घालून जुवाची वाट पाहत उभा राहिला.