बोनेट लाल झालंच नाही

"साधा डेंट आहे गुरुजी, उद्या गाडी घेऊन जा," असं म्हणून मी जॉब कार्डवर तसं लिहूनही टाकलं.

लाखनीच्या हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये मी बॉडी सुपरवायझर होतो. बपेऱ्याचे बिसेन गुरुजी गाडी घेऊन आले होते. रानडुक्कर धडकून बोनेट मधोमध दबलं होतं. गाडी मुलाची, मुलगा पुण्यात नोकरीला.

"पोरगा परवा येऊन रायला," गुरुजी म्हणाले. "त्याले समजलं तं मले पुन्हा चाबी नाही भेटत."

काम आमचे जुने डेंटर मेश्रामभाऊ यांच्याकडे दिलं. ते पत्रा डोळ्यांपेक्षा तळहाताने पाहायचे. त्यांच्या हातोडीचा ठेका ऐकून मी केबिनमधूनच सांगायचो, काम कुठवर आलं ते. तो आवाज अजून कानात आहे.

ठोकताना पत्रा ताणला जातो. मग गॅसच्या ज्योतीने छोटा ठिपका लाल करायचा, हलकेच ठोकायचं, ओलं फडकं दाबायचं. पत्रा आकसतो. याला श्रिंकिंग म्हणतात.

गॅस पेटवण्याआधी मेश्रामभाऊ केबिनमध्ये आले. "सायेब, पत्रा हलका लागून रायला."

"नव्या गाड्या हलक्याच असतात. करा तुम्ही."

पाच मिनिटांत हातोडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. धावत गेलो. बोनेटला अंगठा जाईल एवढं भोक. पत्रा ॲल्युमिनियमचा होता. वजन कमी करायला कंपन्या आता तो वापरतात. मॅग्नेट चिकटतो का ते बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

मेश्रामभाऊ पांढरेफटक पडले होते. "लोखंड लाल होते, इशारा देते. हे काहीच नाही बोललं, सायेब. सीधं पिघललं."

मालक आले. "कोणी केलं?"

"मीच जी," मेश्रामभाऊ म्हणाले.

मी क्षणभर गप्प राहिलो. त्या क्षणाची लाज आजही वाटते. मग म्हणालो, "ते विचारायला आले होते. मी करा म्हटलं."

मालक मला केबिनमध्ये घेऊन गेले आणि मनसोक्त बोलले. वर्कशॉपच्या खर्चाने नागपूरहून नवं बोनेट मागवलं. त्याला चार दिवस लागले. गुरुजींनी मुलाला स्वतःच फोन केला. तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्हाला लागलं तर नाही ना?"

मेश्रामभाऊ पुढे ॲल्युमिनियमचं कामही शिकले, पण त्यात त्यांचा जीव रमला नाही. आज त्याच वर्कशॉपमध्ये दबलेलं बोनेट सहसा कोणी ठोकत नाही. बोल्ट खोलतात, नवं बसवतात. काम लवकर होतं, चुका कमी होतात. केबिनमध्ये बसून मात्र आता काहीच कळत नाही. उठून जावं लागतं. सुपरवायझरने ते आधीपासूनच करायला हवं होतं.