मिस्त्रींचा अंगठा

हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर चादरींच्या घड्या घालणाऱ्या बाईचे हात घरी आल्यावरही थांबत नाहीत. टॉवेल दिसला, घाल घडी. वर्तमानपत्र दिसलं, घाल घडी. "एक दिवस माझीही घडी घालून कपाटात ठेवशील," असं मिस्त्री चिडवायचे. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. लेथवर काम करायचे तेव्हापासून अख्खी गल्ली त्यांना मिस्त्रीच म्हणायची.

मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, जीभ सावरली, उजवा अंगठा तेवढा रुसून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने बजावलं, "काका, याला कामाला लावा, नाहीतर कायमचा बसेल." रबरी चेंडूही दिला. तो मिस्त्रींनी खाटेखाली सोडून दिला. "मी काय तान्हं बाळ आहे?"

म्हणून बाईच्या भावाने आपलं जुनं रिमोटवरचं ग्लायडर आणून दिलं. फोमचं, स्वस्तातलं, मोटरही नसलेलं विमान. हाताने फेकायचं आणि अंगठ्याने शेपटी हलवून वळवायचं.

"मेव्हण्याने जन्मात पहिल्यांदा काही दिलं," मिस्त्री म्हणाले, "तेही हवेत उडून जाणारं!"

पण हातात धरलं. तेव्हापासून ड्यूटी सुटली की बाई त्यांना घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर जायची. तिने फेकायचं, यांनी वळवायचं. वळवतात कसले! अंगठा ढिम्म, विमान थेट झुडपात. बाई खाली उतरायची, काटे चुकवत ते काढायची, पुन्हा चढायची. घरी येऊन फाटक्या पंखाला टेप लावायची.

आज मात्र चढतानाच तिने सांगून टाकलं, "हे शेवटचं हं. आज नाही वळलं तर भावाला परत. माझ्यात झुडपात शिरायचं त्राण नाही उरलं."

"देऊन टाक," मिस्त्री म्हणाले. "माझीही सुटका."

मिस्त्रींनी रिमोट चालू केला, डाव्या बोटाने दांडा हलवून पाहिला, काही सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने भरून आलेल्या हाताने विमान फेकलं आणि मागच्या दगडावर बसकण मारली. जाईना का कुठे जायचं ते.

विमान सरळ गेलं, वाऱ्यावर जरा उचललं आणि हळूच उजवीकडे कललं.

"वळलं! अगं, वळलं बघ!"

तिने विमान पाहिलंच नाही, अंगठा पाहिला. तो सरकत होता. गोगलगाईच्या चालीने, पण सरकत होता.

"अहो, झुडूप!"

"दिसतंय मला. तू बस."

मोठी गिरकी घेऊन विमान त्यांच्या पायाशी गवतात येऊन टेकलं, मांजर येऊन बसावं तसं. बाईला हसू फुटलं, पाठोपाठ डोळेही भरले. रुमालासाठी तिने खिशात हात घातला आणि हाताला लागली विमानाची बॅटरी.

लावायचीच राहिली होती! तिच्याशिवाय शेपटी हलणं शक्यच नव्हतं. विमान रिकाम्या पोटी फिरून आलं होतं.

आता सांगावं तर अंगठा पुन्हा रुसणार. न सांगावं तर उद्या काय?

"अहो..."

"बॅटरी खिशात आहे ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"दांडा हलवला तेव्हा शेपटी हलली नाही. सांगणार होतो, तोवर तू फेकलंस आणि बसलीस. मी आजारी पडल्यापासून तुला टेकलेलं बघितलं नव्हतं. म्हटलं, उडू दे."

"आणि वळलं ते?"

"तुझी टेप. उजवा पंख जड करून ठेवलायस."

"म्हणजे सगळं नाटक!"

"विमानाचं. अंगठा मात्र खराच ढकलत होतो. इतके दिवस भीती वाटायची गं. माझं चुकलं की तू खाली उतरणार. आज झुडपात गेलं असतं तर दोष बॅटरीचा."

तिने विमान मांडीवर घेतलं, बॅटरीची वायर जोडली. मिस्त्रींनी दात आवळून अंगठा रेटला. किर्र! शेपटी तिळभर हलली.

"एवढंच?"

"आज एवढंच."

"उद्या फेकते. आज हात उचलत नाहीत."

"नको फेकूस. बस."

दोघं बसून राहिले. खाली टाकीवरचा दिवा लागला.

"भावाला काय सांगू?"

"सांग, अजून झुडपात अडकलंय."