कासादावरचं टिंब

सानगडीच्या तलावात मासे धरणाऱ्या बुधरामचा मुलगा खेमराज स्पॅनिश शिकला. नागपूरच्या एका कंपनीला परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारी पोरं हवी होती, एवढंच कारण. शिकवणीत त्याला 'मी माणूस आहे' म्हणायचं होतं. माणूस म्हणजे ओंब्रे. तो आंब्रे म्हणाला, म्हणजे भूक. वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "खरंच बोलून राहिला सर तो. डबा पाहा त्याचा."

ती डिंपल. त्याच्याच गावची, श्यामराव शेतकऱ्याची मुलगी. गावात शेतकऱ्यांची घरं तलावाच्या एका बाजूला, मासे धरणाऱ्यांची दुसऱ्या. या बाजूचं लग्नाचं बोलणं त्या बाजूला आजवर कुणी नेलं नव्हतं. नागपुरात दोघांना तो तलाव आठवत नसे.

पुढे खेमराज घरूनच कंपनीचं काम करू लागला. डिंपलला मात्र कुणकुण लागताच घरच्यांनी दूर बपेऱ्याला मावशीकडे नेऊन ठेवलं. सोबत राहिलेला भाऊ प्रितम तिचा फोन रोज तपासायचा. म्हणून दोघं स्पॅनिश लिहीत, तेही देवनागरीत. प्रितमला अक्षरं वाचता येत, अर्थ लागत नसे.

धान कापून झाल्यावर खेमराजनं विचारलं, तुझ्या बाबांना भेटायला येऊ का? बरेच दिवस काही नाही. मग उत्तर आलं: एस्तोय कासादा.

एस्तोय म्हणजे मी आहे. कांसादा म्हणजे थकलेली. कासादा म्हणजे लग्न झालेली. दोन्ही शब्द त्याला पाठ होते. त्यानं लिहिलं, 'टिंब विसरलीस.'

'नाही विसरले.'

हट्टीच आहे, तो मनाशी म्हणाला. चूक कधी कबूल केली आहे हिनं? त्यानं लिहिलं, 'आराम कर. मग बोलू.' मग फोन चार्जिंगला लावला. झोपली असेल.

साकोलीहून त्यानं फिकट निळा शर्ट आणला. श्यामरावांसमोर भडक रंग नको.

त्या शर्टाला तो इस्त्री करत होता तेव्हा त्याची माय जिजा बाजारातून आली. रिकामं टोपलं भिंतीशी उपडं ठेवून पाय धूत म्हणाली, "श्यामरावच्या डिंपलले उजवलं म्हणते बाप्पा. बपेऱ्यालेच, मावशीच्या दारात. ना पत्रिका, ना बँड."

"कधी?"

"झाले आठ-धा दिवस. पाह्यजो, जळन शर्ट!"

त्यानं इस्त्री उचलली. फोन काढला, वाचला, परत खिशात ठेवला.

"तुह्यासंगच होती ना ते नागपूरले? तुले तरी सांगतलं का नाही?"

"सांगतलं."

"मंग तू काय म्हटलं?"

"आराम कर म्हटलं."

"नव्या नवरीले आराम! कोनत्या सासरी भेटते रे?" जिजा हसायला लागली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि हसणं थांबवून ओल्या पायांनीच जवळ आली.