शून्य आलं, तरी बोट थांबवली

नळीवर शून्य आलं, तरी मी हिरामणदादांना म्हटलं, "पुन्हा फुंका."

त्यांनी फुंकलं. पुन्हा शून्य.

मांडव्याच्या जेट्टीवर मी ड्यूटी ऑफिसर आहे. पहिली बोट सुटण्याआधी मास्टरची, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानाची, ब्रेथ टेस्ट घेणं माझ्याकडे असतं. हातात मावेल एवढं यंत्र. त्याच्या नळीत फुंकायचं. माणूस प्यायलेला असेल तर आकडा येतो. जेट्टीवर सगळे त्याला नुसतं 'नळी' म्हणतात.

नळी घेण्याआधीच हिरामणदादा म्हणाले होते, "मॅडम, आज माजी बोट दुसऱ्याला द्या. मी न्हाय नेत." असं कुणी म्हटलं की मी आधी वास घेते.

त्यांच्याबाबतीत तर जास्तच. दादा रेवसकडच्या कोळीवाड्यातले, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. सहा वर्षं त्यांनी थेंब घेतला नव्हता. मग आदल्या हिवाळ्यात भर समुद्रात त्यांच्या बोटीची दोन्ही इंजिनं बंद पडली. आत ऐंशी माणसं. दादांनी नांगर टाकला, सगळ्यांना जागेवर बसवून ठेवलं, ओढून न्यायला दुसरी बोट येईपर्यंत आवाजसुद्धा चढवला नाही. कुणाला खरचटलंही नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही.

आठवड्याभराने त्यांच्या तोंडाला वास आला. "खोकल्याचं औषध हाय," म्हणाले. मी मानलं. तेव्हा नळी रोज नसायची, संशय आला तरच. दोन दिवस त्यांनी माणसं भरून बोट नेली. तिसऱ्या दिवशी मी नळी घेतली आणि आकडा बघून त्यांना तिथेच बोटीवरून उतरवलं.

मग व्यसनमुक्ती केंद्र, तीन महिने घरी, आणि परत कामावर. तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. एकदा ते चहाला गेले असताना त्यांची पाण्याची बाटली उघडून हुंगली. पाणीच होतं. मला लाज वाटली नाही.

"वाऱ्याला घाबरलात का?" मी विचारलं. बाहेर समुद्र जरा खवळलेला होता.

"वाऱ्याला कोन घाबरतंय?" त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या टेबलावर एक क्वार्टर ठेवली.

मी ती उचलली. झाकण निरखून पाहिलं, सील बोटाने चाचपलं. उलटी धरून बघितली. सील शाबूत होतं.

"काल सांजच्याला घेतली," दादा म्हणाले. "रातभर कपाटात व्हती. फोडली न्हाय. पन ध्यान सगलं तिकडंच हाय. असा मानूस सुकाणूवर नको."

"झालं काय पण?"

"इंजिनाच्या चौकशीचं पत्र आलंय. सोमवारी जबाब द्यायचाय. घरी न्हाय बोललो कुनाला. डोळं मिटलं की ती मानसंच दिसतात, मॅडम."

सव्वाआठची बोट होती. बाहेर लोक रांगेत उभे. बदली मास्टर यायला तासभर लागणार होता. मी मॅनेजरसाहेबांना मुंबईला फोन लावला.

"नळी काय सांगते?"

"झिरो."

"मग सोड बोट. नाटकं करतोय तो."

खरं सांगायचं तर अर्धं मन माझंही तेच म्हणत होतं. पण ज्याला फसवायचंय, तो बाटली लपवतो. टेबलावर आणून ठेवत नाही.

"सर, मी ट्रिप कॅन्सल करतेय," म्हटलं आणि फोन ठेवला.

लोक भयंकर चिडले. एका गृहस्थांनी माझं नाव लिहून घेतलं. दादांनी केंद्रातल्या त्यांच्या जुन्या साथीदाराला फोन केला. तो अलिबागहून स्कूटरवर आला. दोघं जेट्टीच्या टोकाला बराच वेळ बसले, मग एकत्र घरी गेले. बायकोला ते पत्र दाखवायचं, एवढंच ठरलं होतं.

क्वार्टर मी बेसिनमध्ये ओतली. ते चुकलंच. अकराला मॅनेजरसाहेब स्वतः येऊन थडकले. दारातच नाक फेंदारलं.

"इथे कोण प्यायलंय?"

मी नळी उचलली आणि त्यांच्यासमोर फुंकली. शून्य. त्यांनी यंत्र हातात घेऊन खालीवर करून पाहिलं. त्यांचाही विश्वास बसला नाही. मला लेखी खुलासा द्यावा लागला.

सोमवारी दादांनी जबाब दिला. मी बरोबर गेले होते. बिघाड इंजिनाच्या देखभालीतला होता, मास्टरचा दोष नाही, असं पुढे निघालं. नवव्या दिवशी ते सुकाणूवर परत आले.

त्यानंतर मी एक नियम लिहून वर पाठवला: मास्टरने 'आज नको' म्हटलं तर कारण न विचारता त्याला त्या दिवशी उतरवायचं, आणि त्याची नोंद त्याच्याविरुद्ध धरायची नाही. साहेब म्हणाले, "याचा सगळे फायदा घेतील." नियम मंजूर व्हायला चार महिने लागले.

आजवर तो तिघांनी वापरला. त्यातला एकजण साफ खोटं बोलत होता, त्याला मेहुण्याच्या लग्नाला जायचं होतं. मी त्यालाही उतरवलं. लग्नाला गेलेला मास्टर परवडतो.